तांब्याचे तोंड पुन्हा गोलच का निघते? रेखांकन शिकवताना अध्ययनविषयक संशोधन कसे वापरावे

प्रश्न: कोरा_कार्ट्रिज (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. गेली सहा वर्षे मी नौपाड्यात राहत्या घराच्या बाहेरच्या खोलीत चित्रकलेचा वर्ग घेते. दहा ते चौदा वर्षांची अठरा मुले येतात, वर्ग रविवारी सकाळी दोन तास असतो आणि त्यांतली निम्मी मुले पुढे शासकीय रेखाकला परीक्षेला, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसतात. माझे शिक्षण ए. टी. डी. चे, म्हणजे चित्रकला शिक्षक पदविकेचे आहे. रेखांकन कसे करावे हे मी तेथे शिकले. ते दुसऱ्याच्या नजरेत आणि हातात टिकते कसे, याविषयी मात्र त्या अभ्यासक्रमातून फारसे हाती लागले नाही, किंवा लागले असेल तर त्या वयात मी ते परीक्षेपुरते वाचले असावे.

अडचण अशी आहे. जूनमध्ये मी सलग चार रविवार फक्त पितळी तांब्या दिला. पहिल्या रविवारी जवळजवळ सगळ्यांनी त्याचे तोंड नाण्यासारखे गोल आणि बूड पट्टीने आखल्यासारखे सरळ काढले, आणि ते अपेक्षितच होते. चौथ्या रविवारी बहुतेकांचे लंबगोल इतके नेटके आले की ते कागद मी भिंतीवर लावले. त्यानंतर शाळेच्या चाचण्या आल्या, मध्ये निसर्गचित्र आणि संकल्पचित्र झाले, गणपतीत दोन रविवार सुटी गेली. मग मी टेबलावर प्लास्टिकची बादली ठेवली, तर त्याच मुलांनी पुन्हा तोंड गोल आणि बूड सरळ काढले. समोरच्या भिंतीवर त्यांचेच तांबे लटकत होते.

अंतर ठेवून सराव (मध्ये काही काळ जाऊ देऊन केलेला), सरमिसळ सराव (वेगवेगळे प्रकार आलटून-पालटून केलेला), आठवून काढण्याचा सराव याविषयी मी अलीकडे वाचले आहे, परंतु त्यातली बरीच उदाहरणे शब्दपाठांतराची किंवा गणिताची असतात. ज्या कामात डोळा आणि हात दोन्ही गुंतलेले आहेत, त्याला हे निष्कर्ष लागू पडतात का? वस्तू बदलत ठेवल्या तर कागद वाईट दिसतील आणि पालक तर कागदच पाहतात, त्याचे काय करावे? आणि मुलाची रेघ चुकते आहे हे दिसत असताना मी किती वेळा मध्ये पडावे? अनुभव आणि वाचन, दोन्हींच्या आधारे उत्तरे मिळाली तर आभारी राहीन.

उत्तर: निवृत्त_फळा (कळवा)

मॅडम, मी महापालिकेच्या शाळांत तीस वर्षे चित्रकला शिकवली. एका वर्गात पन्नास-साठ मुले आणि आठवड्याला दोन तासिका, त्यामुळे आपली अठरा मुले आणि दोन सलग तास हे मला ऐश्वर्यच वाटते.

आपल्या बादलीचे मला आश्चर्य वाटले नाही. चार रविवारांत मुले तांब्या काढायला शिकली. लंबगोल पाहायला शिकली नाहीत. तांब्याच्या आकाराची एक तयार घडी हाताला बसली, आणि वस्तू बदलताच ती घडी निरुपयोगी ठरली. मी फळ्यावर लंबगोल काढून दाखवण्याच्या आधी एक बांगडी घेत असे. ती आडवी धरून अगदी डोळ्यांच्या पातळीवर आणली की तिची रेघ होते. मग सावकाश खाली नेत जायची. रेघ उघडत जाते, लंबगोल होतो, आणि बांगडी पायांजवळ पोहोचेपर्यंत ती जवळजवळ गोल दिसू लागते. हे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने केले की तांब्याचे बूड तोंडापेक्षा अधिक फुगीर का काढायचे, हे सांगावे लागत नाही. ज्याने बांगडी खाली नेली आहे तो बुडाला सरळ रेघ मारताना निदान अडखळतो, आणि माझ्या मते अडखळणे हीच शिकण्याची पहिली खूण आहे.

संशोधनाबद्दल मात्र मी थोडा साशंक आहे. प्रयोगशाळेत कोणाला अर्धा तास काही शिकवायचे आणि आठवड्याने तपासायचे, यावरून दहा वर्षांत घडणाऱ्या हाताबद्दल किती सांगता येईल? माझा हात ठाणे स्थानकात गाडीची वाट पाहताना घडला. फलाटावरची माणसे गाडी आली की निघून जातात, त्यामुळे जेवढे पाहिले तेवढेच कागदावर उतरते आणि उरलेले डब्यात बसल्यावर आठवून पुरे करावे लागते. कोणी मला त्याचे शास्त्र सांगितले नव्हते.

उत्तर: दुटोकी_पेन्सिल (नेरूळ)

मी शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात आहे आणि चित्रकार नाही, हे आधी सांगतो. उत्तर लांबणार आहे, कारण प्रश्नात तीन-चार वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत.

प्रथम पाहण्याविषयी. फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी १९२७ मध्येच असे मांडले होते की लहान मूल समोर दिसते ते न काढता, वस्तूविषयी जे माहीत आहे ते काढते. पुढे १९७२ मध्ये फ्रीमन आणि जॅनिकून यांनी मुलांसमोर असा कप ठेवला की त्याचा कान मागच्या बाजूला लपलेला असेल आणि पुढे रंगवलेले फूल दिसत असेल. साधारण आठ वर्षांखालील मुलांनी न दिसणारा कान हमखास काढला. आपली मुले त्या वयाच्या पुढची आहेत, पण या सवयीचा एक सौम्य अवतार मोठ्यांमध्येही राहतो. थाउलेस यांनी १९३१ मध्ये तिरक्या ठेवलेल्या गोल चकत्या मोठ्या माणसांना दाखवल्या, तेव्हा त्यांना दिसलेला आकार डोळ्यांवर प्रत्यक्ष पडणारा लंबगोल आणि चकतीचा खरा गोल यांच्या मध्ये कोठेतरी होता. म्हणजे तांब्याचे तोंड गोल आहे हे ज्ञान आपल्या नजरेला खऱ्या आकाराकडे ओढत राहते. कोहेन आणि बेनेट यांनी १९९७ मध्ये, बहुतेकांना समोरचे दिसते तसे का काढता येत नाही, याची संभाव्य कारणे एकेक करून तपासली. हाताचे कौशल्य अपुरे असणे हे मोठे कारण ठरले नाही. वस्तू चुकीची पाहिली जाणे हे ठरले. सरांची बांगडी नेमकी याच जागी काम करते, त्यामुळे सर संशोधनावर साशंक असले तरी संशोधन सरांच्या बाजूने आहे.

पाहण्याच्या सवयीबद्दल आणखी एक उपयुक्त निष्कर्ष आहे. कोहेन यांनीच २००५ मध्ये असे दाखवले की जे लोक वस्तूकडे वारंवार आणि थोडा थोडा वेळ पाहतात त्यांचे रेखांकन अधिक अचूक येते. एकदा बराच वेळ न्याहाळून मग कागदात डोके घालणाऱ्यांचे तितके येत नाही. आपल्या वर्गात पाच मिनिटे मुलांच्या कागदाकडे न पाहता त्यांच्या मानेकडे पाहावे. ज्याची मान मिनिटात एकदाच वर होते, तो तांब्या काढत नसून तांब्याची आठवण काढत आहे.

आता सलग चार रविवारांकडे येतो. वर्गात आज दिसणारी कामगिरी आणि टिकणारे शिकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि काही वेळा त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. चौथ्या रविवारच्या कागदांनी आपल्याला पहिली गोष्ट दाखवली आणि बादलीने दुसरी. हातापायांच्या कौशल्यांवरचे प्रयोग याविषयी शब्दपाठांतराइतकेच स्पष्ट बोलतात. केर आणि बूथ यांनी १९७८ मध्ये आठ वर्षांच्या मुलांना लक्ष्यावर धान्याच्या पिशव्या फेकायला लावल्या. एका गटाने सराव तीन फुटांवरून केला, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून. शेवटी सगळ्यांची परीक्षा तीन फुटांवर घेतली, तर ज्यांनी तीन फुटांवरून एकदाही सराव केला नव्हता ती मुले सरस ठरली. पुढच्याच वर्षी शी आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली काहींना एकेक करून आणि काहींना सरमिसळ करून शिकवल्या. सराव चालू असताना सरमिसळ गट मागे होता. दहा दिवसांनी तोच पुढे होता.

चित्रांशी जवळचे उदाहरण कॉर्नेल आणि ब्योर्क यांचे २००८ चे आहे. त्यांनी १२ चित्रकारांची प्रत्येकी सहा निसर्गचित्रे दाखवली; काही चित्रकारांची सहाही सलग, काहींची इतरांत मिसळून. नंतर न पाहिलेले चित्र कोणाचे हे ओळखायला सांगितल्यावर, मिसळून पाहिलेल्या चित्रकारांच्या बाबतीत उत्तरे अधिक बरोबर आली. तरीही सहभागी झालेल्यांपैकी बहुसंख्यांना, परीक्षा होऊन गेल्यावरसुद्धा, सलग पाहूनच आपण अधिक शिकलो असे वाटत होते. पालकांना वाईट कागदांबद्दल काय सांगावे, या आपल्या प्रश्नाची मुळे इथे आहेत, कारण जे शिकत आहेत त्यांनाच जर अंदाज येत नसेल तर भिंत पाहून घरी जाणाऱ्यांना कसा येणार?

मात्र सरमिसळ पहिल्या दिवसापासून करू नये, असे माझे मत आहे. नवशिक्याला एकाच वेळी कागदावरची मांडणी, उंची-रुंदीचे प्रमाण, लंबगोल, छायाप्रकाश आणि पेन्सिलीचा दाब हे सगळे सांभाळायला लावले तर त्याची कार्यकारी स्मृती, म्हणजे एका वेळी मनात धरून ठेवण्याची क्षमता, भरून जाते. कोवन यांच्या २००१ च्या मांडणीनुसार तिची मर्यादा साधारण चार घटकांची आहे. म्हणून पहिल्या रविवारी फक्त लंबगोल असावा, शेडिंग नको, आणि टप्प्याटप्प्याने सोडवून दाखवलेला नमुना द्यावा: मध्यरेषा, उंची-रुंदीची चौकट, दोन लंबगोल, मग बाह्यरेषा. पुढच्या वेळी त्याच नमुन्यातील शेवटचा टप्पा गाळावा, मग शेवटचे दोन. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितात दाखवले की सुरुवातीला नुसती उदाहरणे सोडवत बसण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे अभ्यासणे अधिक फळते. परंतु जाणकाराला हाच आधार अडचणीचा होतो, हेही नंतरच्या अभ्यासांत आढळले आहे. तेव्हा चौदा वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या मुलाला एकच नमुना देणे टाळावे. दुसऱ्या रविवारपासून तांब्या, डबा, कुंडी, कप आणि मध्येच एखादा खोका असे येऊ द्यावे. खोका मुद्दाम म्हणतो आहे, कारण ‘इथे लंबगोल लागणारच नाही’ हे ओळखणे हादेखील कौशल्याचाच भाग आहे.

आठवून काढण्याबद्दल सांगायचे तर आपल्या रेखाकला परीक्षेत स्मरणचित्राची प्रश्नपत्रिका आहे, हे मला नेहमी फार सुंदर वाटते, आणि तिची तयारी मात्र अनेक ठिकाणी भाजीबाजार, विसर्जन मिरवणूक आणि बसथांबा अशी तीन दृश्ये पाठ करून घेतली जाते याचे वाईट वाटते. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला किंवा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले, ५६ विरुद्ध ४२ टक्के. तो प्रयोग मजकुराचा आहे, पण चित्रकलेत ही कल्पना त्याहून जुनी आहे. फ्रान्समध्ये लेकॉक द ब्वाबोद्राँ हे शिक्षक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर विद्यार्थ्यांना वस्तू न्याहाळायला लावून नंतर ती स्मरणाने काढून घेत असत, आणि शिल्पकार रोदाँ त्यांचे विद्यार्थी होते. आपल्या वर्गात तांब्या दोन मिनिटे दाखवून पंचाने झाकावा, मुलांनी आठवून काढावा, मग पंचा उचलावा आणि त्याच कागदावर दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने दुरुस्ती करावी. ‘मी नेमके काय पाहिलेच नव्हते’ हे त्या दुसऱ्या रंगात दिसते. दुसऱ्या वेळेस पाहताना मूल वेगळे पाहते, आणि खरा लाभ त्या दुसऱ्या पाहण्यात आहे असे मला वाटते.

किती वेळा मध्ये पडावे, याचे उत्तर: आपल्याला सोसेल त्याहून कमी. विन्स्टिन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये दाखवले की प्रत्येक प्रयत्नानंतर चूक सांगितलेल्या गटापेक्षा साधारण निम्म्या प्रयत्नांनंतर सांगितलेला गट पुढे अधिक टिकला. दर वेळी बाहेरून उत्तर मिळू लागले की शिकणारा स्वतःची चूक शोधणे सोडून देतो. त्याऐवजी तपासण्याचे साधन हाती द्यावे. फोटोफ्रेममधील पारदर्शक पत्रा वस्तूसमोर उभा धरून, एक डोळा मिटून, मार्करने तोंडाचा लंबगोल त्यावर गिरवावा आणि मग स्वतःच्या कागदाशी ताडून पाहावा. मात्र हे रेखांकन झाल्यावर करावे, आधी केल्यास ते नुसते गिरवणे होते.

दोन तासांच्या वर्गाबद्दल एकच सांगतो. बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये ब्रिटनमधील टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना पाहिले की रोज एक तास शिकणाऱ्यांना, रोज दोनदा दोन-दोन तास शिकणाऱ्यांपेक्षा, तेवढेच कौशल्य मिळवायला एकूण तास कमी लागले. आणि आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराजही तेच होते, कारण दिवसांच्या हिशेबात त्यांना उशीर होत होता. आपल्याला रोज वर्ग घेणे शक्य नाही, परंतु बुधवारी घरी दहा मिनिटांत एक भांडे काढून आणायला सांगणे शक्य आहे.

उत्तर: घोडबंदर_आई (ठाणे पश्चिम)

मी शिक्षिका नाही, अकरा वर्षांच्या मुलाची आई आहे, आणि दोन शंका विचारते. आमच्या भागात एका वर्गाने ‘उजवा मेंदू जागृत करून चित्रकला’ असे सांगून भरपूर शुल्क घेतले. त्यात मुलांना चित्र उलटे ठेवून काढायला लावत. मुलाचे उलटे चित्र खरोखर चांगले आले, म्हणून मला ते खरे वाटले. यात तथ्य किती?

दुसरे असे की आमच्या गृहसंकुलात गणेशोत्सवात, २६ जानेवारीला, बालदिनाला अशा सतत चित्रकला स्पर्धा असतात. दोन वर्षांपूर्वी मुलगा जेवणाच्या टेबलावर, पेपरच्या कडांवर, कोठेही चित्रे काढत असे. आता ‘स्पर्धा आहे का?’ असे विचारून मगच कागद घेतो.

उत्तर: दुटोकी_पेन्सिल (नेरूळ)

ताई, उलटे चित्र उपयोगी पडते, पण त्यामागे सांगितलेले कारण टिकत नाही. ही पद्धत १९७९ मध्ये बेटी एडवर्ड्स यांच्या पुस्तकाने लोकप्रिय केली. चित्र उलटे केल्यावर नाक, डोळा, हात ही नावे मनात पटकन येत नाहीत आणि मूल नुसत्या रेघा व त्यांच्यामधील रिकाम्या जागा पाहू लागते. वर म्हटलेला ज्ञानाचा ओढा त्याने थोडा वेळ सैल होतो. मेंदूची एक बाजू एखाद्या व्यक्तीत वरचढ असते, या समजुतीला मात्र आधार मिळालेला नाही. युटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये हजाराहून अधिक व्यक्तींच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या आणि तशी विभागणी त्यांना आढळली नाही. शिवाय उलटे ठेवून काढायचे ते सपाट चित्र असते. समोरचा तांब्या उलटा करून काही साधत नाही.

दुसऱ्या शंकेवर तर चित्रकलेतच झालेला, बराच गाजलेला प्रयोग आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतील, मुळातच चित्रे काढायला आवडणारी मुले निवडली. एका गटाला चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असे आधी सांगितले, दुसऱ्याला ते अनपेक्षितपणे दिले, तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिले तेव्हा, बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुले इतरांच्या मानाने साधारण निम्माच वेळ चित्रांकडे वळत होती. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती, म्हणजे दोष बक्षिसापेक्षा आधीच ठरलेल्या सौद्यात होता. स्पर्धा पूर्ण बंद कराव्यात असे मी म्हणणार नाही. त्याच्या वहीत मात्र गुण, तारे आणि शेरे यांचा शिरकाव होऊ देऊ नये. बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात पाचवी-सहावीच्या मुलांना नुसती सूचना दिल्यावर त्यांचा रस टिकला आणि काम सुधारले. सूचनेबरोबर गुणही दिले तेव्हा मुलांनी गुण पाहिले आणि सूचनेचा लाभ जवळजवळ नाहीसा झाला.

उत्तर: दोन_वजा_एक (सीबीडी बेलापूर)

मी वास्तुरचनाकार आहे. एक छोटी पुरवणी. बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये मी शेजारच्या मुलांना घेऊन बसतो. उतरत्या छपरांची बैठी घरे लहानशा चौकांभोवती आहेत, त्यामुळे एकाच जागी बसून वेगवेगळ्या दिशांच्या, पण एकाच नियमाने वागणाऱ्या पाच-सहा कडा दिसतात. वर म्हटलेली सरमिसळ तिथे आयतीच मिळते. मी मुलांना आधी लोपबिंदू, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात जिथे मिळताना दिसतात तो बिंदू, शिकवत नाही. तो आधी शिकवला की मुले समोर न पाहता पट्टी लावतात आणि सगळी छपरे एकाच बिंदूकडे धावू लागतात. आधी चार घरे नुसती पेन्सिल धरून, कोन मोजून काढावीत, मग नियम सांगावा. मग तो नियम त्यांना पाहिलेल्या गोष्टीचे नाव वाटतो. तेथेच कोणाला पायरीवर आणि कोणाला जमिनीवर बसवले की डोळ्यांची पातळी म्हणजे काय हे दोघांचे कागद शेजारी ठेवताच कळते.

दुटोकी_पेन्सिल यांच्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. पारदर्शक पत्र्यावर गिरवलेला आकार ‘बरोबर’ आणि कागदावरचा ‘चूक’ असे मुलांच्या मनात बसले तर ती छायाचित्राची नक्कल करण्याच्या मार्गाला लागतील. प्रमाण तपासायला तो ठीक आहे. रेघेचा जोम त्यावर तपासता येत नाही.

प्रतिसाद: कोरा_कार्ट्रिज (नौपाडा, ठाणे)

सर्वांचे आभार. सात रविवार झाल्यावर लिहिते आहे, कारण लगेच लिहिले असते तर ते नुसते मनोरथ झाले असते.

बांगडीने सुरुवात केली. सरांनी सांगितले तसे प्रत्येकाने ती स्वतः खाली नेली, आणि एका मुलीने ‘म्हणजे बूड जास्त पोटवाले काढायचे’ असे स्वतःहून म्हटले. वर्गात आता ‘पोटवाले बूड’ हाच शब्द रूढ झाला आहे. दुसऱ्या रविवारपासून वस्तू बदलत ठेवल्या. कागद खरोखर वाईट दिसू लागले आणि अपेक्षेप्रमाणे एका आईंनी विचारले की जूनमध्ये इतके छान काढत होता, आता काय झाले? मी त्यांना भिंतीवरचा तांब्या आणि सप्टेंबरमधील बादली शेजारी ठेवून दाखवली. त्यांचे समाधान झाले की नाही ते कळले नाही, पण मुलगा येतो आहे. सर्वांत लहान दोन मुलांना सरमिसळ झेपली नाही. खोका आल्यावर त्यांनी खोक्यालाही लंबगोल काढले. त्यांना पुन्हा एकच वस्तू, पण दर वेळी वेगळ्या उंचीवर ठेवून दिली, आणि ते जमले.

पंचाखालचा तांब्या हा वर्गातला सर्वांत आवडता प्रकार ठरला, कारण मुलांना तो खेळ वाटतो. पारदर्शक पत्रा मात्र फसला. मार्कर मिळाला म्हणून मुले एकमेकांची तोंडे गिरवत बसली आणि तांब्या बाजूला राहिला. पुढच्या वेळी तो मी स्वतःच्याच हातात ठेवणार आहे. मध्ये न पडण्याचे म्हणाल, तर ते मुलांपेक्षा मला अवघड गेले. माझा हात आपोआप त्यांच्या कागदाकडे जातो. शेवटी मी हातात चहाचा कप धरून फिरू लागले आणि एका वस्तूला एकदाच, तेही ‘बूड आणि तोंड यांतले अधिक उघडे कोणते?’ असे विचारायचे ठरवले. निम्म्याहून अधिक वेळा मूल प्रश्न ऐकताच खोडरबर उचलते, म्हणजे उत्तर त्याच्याजवळ होतेच.

सातव्या रविवारी, आधी कधीही न दिलेला तबला ठेवला. सगळ्यांचे तोंड बरोबर आले असे नाही. परंतु बूड पट्टीने आखल्यासारखे सरळ एकाचेही नव्हते.

एक शंका उरते. बुधवारचे दहा मिनिटांचे भांडे निम्मी मुले आणतात आणि निम्मी रविवारी सकाळी रिक्षात काढतात. त्याला काही उपाय?

उत्तर: निवृत्त_फळा (कळवा)

मॅडम, रिक्षात काढलेले चालू द्यावे. हलत्या रिक्षात काढलेला पेला मी तपासला असता तर त्याला अधिक मान दिला असता. बुधवार पाळायचाच असेल तर वहीऐवजी कागदाच्या आठ चिठ्ठ्या द्याव्यात, प्रत्येकीवर स्वयंपाकघरातील एका भांड्याचे नाव लिहावे आणि मुलाने बुधवारी डोळे मिटून एक उचलावी. कोणते भांडे निघेल हे माहीत नसले की चिठ्ठी उचलायची उत्सुकता राहते, आणि आपल्याला हवी असलेली सरमिसळही होते.

तबल्याचे वाचून बरे वाटले. शास्त्राबद्दलची माझी शंका पूर्ण गेलेली नाही, कारण सात रविवार म्हणजे सात रविवारच. म्हणून एक विनंती करतो. भिंतीवरचे तांबे उतरवून, मागे तारीख घालून, फाइलमध्ये ठेवावेत, आणि पुढच्या जूनमध्ये काहीही पूर्वसूचना न देता टेबलावर घमेले ठेवावे. काय निघाले ते येथे लिहावे; मी वाट पाहीन.